खिडकीजवळची दोन मिनिटं

सोमवारी सकाळी मास्तरीणबाई तासभर लवकर ऑफिसात आल्या, त्या फक्त बोर्ड पुसायला. बोर्डाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ओल्या फडक्याने मागच्या पंधरवड्याच्या रेघा पुसायच्या आणि पट्टी धरून नव्या आखायच्या, यात त्यांना जे सुख मिळे, ते पगाराच्या दिवशीही मिळत नसे.

मास्तरीणबाई हे अर्थात टोपणनाव. ओळखपत्रावर हुद्दा 'स्क्रम मास्टर' असा छापलेला होता. आता मास्टर म्हणावं तर हातात छडी नाही, समोर वर्ग नाही. तेव्हा टीमने पहिल्याच आठवड्यात हे नाव देऊन टाकलं आणि ते कायमचं चिकटलं. त्यांचं काम असं, की बाकीच्यांनी सॉफ्टवेअर लिहायचं, तपासायचं, आणि बाईंनी त्यातली एक ओळही न लिहिता कोणाचं काय चाललंय, कोणाचं कुठे अडलंय, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला म्हणायचं स्प्रिंट. पळत कोणीच नाही, सगळे खुर्चीला खिळलेले, तरी नाव स्प्रिंट.

पांढऱ्या बोर्डावर तीन रकाने होते. 'करायचंय', 'चालू आहे' आणि 'झालं'. प्रत्येक कामाचं एक कार्ड, वर एक गोल लोहचुंबक. काम पुढे गेलं की कार्ड उजवीकडे सरकायचं. सगळी कार्डं शेवटच्या रकान्यात गेली, की स्प्रिंट जिंकलं.

बाहेर दाट धुकं होतं. सहाव्या मजल्याच्या काचांना ते टेकून उभं होतं आणि आतला उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ दिसत होता. बाईंनी फडकं उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

मधल्या रकान्यात एक कार्ड होतं. जांभळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर. 'ड्यूटी बदलताना बेल वाजली तर?'

शुक्रवारी हेच कार्ड त्यांनी स्वतःच्या हातांनी 'झालं'मध्ये ठेवलं होतं.

कार्ड काकांचं होतं. काका म्हणजे टीमचे टेस्टर. दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेलं मोडून दाखवायचं, हा त्यांचा पेशा. वय अठ्ठावन्न, दाताखाली कायम लवंग, आणि उभं राहायची जागा ठरलेली: शेवटच्या खिडकीजवळ, खांबाला पाठ लावून. त्यांची सगळी कार्डं म्हणजे प्रश्नच असत. 'दोनदा दाबलं तर?' 'वीज गेली तर?' पोरं चेष्टा करत, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो 'तर' खरा होऊन दारात उभा राही. कोणी फार घाई केली, की काका लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत आणि शांतपणे म्हणत, "माझ्याकडून अजून झालेलं नाही." मग कोणाची छाती नव्हती कार्ड हलवायची.

त्या शुक्रवारच्या आदल्या रविवारी काका घरी पेपर वाचता वाचता गेले. पेपर हातातच राहिला म्हणे. मागे त्यांचं हे एकच कार्ड 'चालू आहे'मध्ये उरलं.

सॉफ्टवेअर होतं हॉस्पिटलसाठी. पेशंटने पलंगाजवळचं बटण दाबलं, की ड्यूटीवरच्या नर्सच्या खिशातला छोटा फोन वाजायचा आणि त्यावर पलंगाचा नंबर दिसायचा. शुक्रवारी हॉस्पिटलच्या मंडळींना ते दाखवायचं होतं. दुपारी मोठे साहेब बोर्डासमोर उभे राहिले आणि फोनमधून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, एकच कार्ड राहिलंय? आणि ते बघणारा माणूसच नाही, मग 'चालू' तरी कसं म्हणायचं त्याला?"

सगळे चहाला गेले होते. बाईंनी मनाची समजूत घातली, की काकांच्या हातात ते कार्ड चार दिवस होतं, त्यांनी बघितलंच असणार. आणि कार्ड दोन बोटांनी उजवीकडे सरकवलं. बोर्ड भरला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, हॉस्पिटलच्या मंडळींनीही वाजवल्या. बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही.

आज सोमवारी एका वॉर्डात ती बेल चाचणीसाठी सुरू होत होती. बरोबर दोन आठवड्यांनी ती सगळ्या हॉस्पिटलात लागणार होती. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, बाईंच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

झाडणाऱ्याचा धक्का लागला असेल, असं म्हणून बाईंनी कार्ड पुन्हा 'झालं'मध्ये नेलं. चुंबक जरा जोरानेच दाबला. हाताला लवंगेचा वास राहिला.

दहा वाजता रोजची उभी मीटिंग. बसलं की माणूस लांबण लावतो, म्हणून उभ्याने. माणशी दोन मिनिटं आणि तीन प्रश्न: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. एक पिवळा स्पंजचा चेंडू होता. तो ज्याच्या हातात, त्याने बोलायचं आणि मग पुढच्याकडे टाकायचा. पहिली थोरली, म्हणजे टीममधली सर्वांत जुनी प्रोग्रॅमर, जिने बेलचा गाभा लिहिला होता. मग लंबू आणि टिंगू, एकाच टेबलावर बसणारे दोघे, एक ताडमाड आणि एक त्याच्या खांद्याला लागणारा. शेवटी त्याच सकाळी रुजू झालेली टेस्टर मुलगी. तिचं नाव तूर्त 'नवी'.

बाई मोबाइलवर वेळ लावत. एकाचं बोलणं संपलं की बटण दाबायचं, पडद्यावर त्याचा आकडा उमटायचा. मीटिंग संपली, सगळे खुर्च्यांकडे वळले, आणि बाईंनी पडद्याकडे बघितलं.

बोलणारे चार. आकडे पाच.

चौथा आकडा बरोबर दोन मिनिटांचा होता. ना सेकंद कमी, ना सेकंद जास्त.

"टिंगू, चेंडू कोणाकडे टाकलास तू?"

"नवीकडे. का हो?"

"माझ्याकडे तर..." नवी अडखळली. "माझ्याकडे खिडकीकडून आला ना?"

टिंगू हसला. "पहिल्याच दिवशी धुकं डोक्यात शिरलं वाटतं हिच्या."

बाईही हसल्या. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मंगळवारी सकाळी कार्ड 'चालू आहे'मध्ये होतं. बाईंनी ते हलवलं. मीटिंगमध्ये पुन्हा पाच आकडे आले.

बुधवारी त्यांनी ठरवलं, की आज पापणी लवू द्यायची नाही. थोरली बोलली, लंबू बोलला, टिंगू बोलला. मग टिंगूने, वर्षानुवर्षांची सवय असावी तसा, न बघताच चेंडू शेवटच्या खिडकीकडे टाकला. तो खांबापर्यंत गेला. जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर जे झालं, ते भीतीदायक वाटायला हवं होतं. पण तिथे उभं असताना ते पहाटेच्या झोपेसारखं गुंगवणारं वाटत होतं. चौघांची तोंडं खिडकीकडे वळली होती. धुक्याचा पांढरा उजेड त्यांच्या गालांवर पडला होता. चौघं ऐकत होती. लंबूने मान डोलावली. थोरलीने खालचा ओठ दातांत धरला, काका तिच्या कामात खोट काढायचे तेव्हा धरायची तसा. लवंगेचा वास मंदपणे पसरला. दूर कुठेतरी कोणी भिंतीपलीकडे बोलावं तसा एक घोगरा आवाज चालू होता, आणि बाईंच्या लक्षात आलं, की आपलीही मान डुलतेय. त्यांनी कान देऊन शब्द पकडायचा प्रयत्न केला. हाती आलं ते फक्त शेपूट.

"...नाही."

मग चेंडू नवीच्या हातात होता आणि ती सांगत होती, की काल तिने लॉगिनचा पडदा तपासला. कोणालाच काही झाल्यासारखं दिसत नव्हतं. बाईंचा अंगठा बटणावर होता. तो कधी दाबला गेला, त्यांना कळलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि घरी नेलं.

आई सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. "पर्समध्ये लवंगा ठेवल्यास का गं?" तिने विचारलं.

"नाही. ऑफिसातला वास असेल."

"बरं ऐक, शेजारीण विचारत होती, ऑपरेशन झाल्यावर तिथे एकटीने कसं करणार म्हणून. मी म्हटलं, बेल माझ्या लेकीने बनवलीय. राणीसारखी पडून राहीन आणि बटण दाबत बसेन." आई खुशीत हसली. "येतील ना गं लगेच?"

"येतील की," बाई म्हणाल्या आणि उगाच पाणी प्यायला उठल्या. आईशी खोटं बोलल्याला त्यांना कैक वर्षं झाली होती.

गुरुवारी सकाळी पर्समध्ये कार्ड नव्हतं. कार्ड बोर्डावर होतं, मधल्या रकान्यात. त्याच दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता, दोन वाजले असतील, ते एकटंच कार्ड गळून खाली पडलं. चुंबक बोर्डाला चिकटलेला तसाच होता. बाईंनी ते उचललं. ते गार होतं, हिवाळ्यात लोखंडाचा कठडा लागतो तसं. त्या सरळ लिफ्टमध्ये शिरल्या आणि खाली रस्त्यावर, माणसांच्या गर्दीत, अर्धा तास उगाच उभ्या राहिल्या.

सांगून टाकावं, असं त्यांना रोज वाटे. आणि रोज वाटे, की सांगायचं तरी काय? की मी एका मेलेल्या माणसाचं काम त्याच्या माघारी परस्पर 'झालं' म्हणून मांडलं? वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांची खोटी कार्डं पकडली होती. 'झालं म्हणजे काय झालं?' हा प्रश्न विचारून नव्या पोरांच्या नाकी नऊ आणले होते. टीमचा विश्वास एवढीच त्यांची कमाई होती. ती गेली की हातात फक्त फडकं उरलं असतं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं आणि रोज सकाळी कार्ड मुकाट्याने उजवीकडे सरकवत राहिल्या.

दुसरा आठवडा असाच सरत आला. सोमवारी बेल सगळीकडे लागणार, म्हणून शुक्रवारी साहेब बाईंची सही घेणार होते. शुक्रवारी बाई सातलाच ऑफिसात आल्या. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. धुकं होतंच. त्या बोर्डासमोर गेल्या नाहीत. त्यांनी टेबलावरून पिवळा चेंडू उचलला, गोल करून उभं राहायच्या जागी आल्या आणि शेवटच्या खिडकीकडे तोंड केलं.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काल काय केलंत?"

भिंतीतल्या नळीत पाणी गुरगुरलं.

"आज... आज काय करणार?"

लवंगेचा वास आला. आधी अगदी पुसट, मग जवळून.

"कुठे अडलंय... काका?"

आणि त्यांनी चेंडू टाकला.

तो पडला नाही. मग सगळं पांढरं आणि मऊ झालं. कोणीतरी बोलत होतं, संथ, न रागावता, आणि बाईंना वाटलं की आपण लहान आहोत, अंथरुणात आहोत आणि शेजारच्या खोलीत मोठी माणसं आपल्याबद्दल काहीतरी ठरवताहेत. रडू येत होतं आणि झोपही येत होती. कोणीतरी कोणाला तरी शोधत होतं. कोणीतरी बोलावत होतं आणि बोलावणं भलत्याच खिशात जात होतं...

चेंडू त्यांच्या हातात होता. उबदार, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखा. दुसऱ्या हातात कार्ड होतं. ते बोर्डावरून आपण कधी काढलं, हे त्यांना आठवेना. त्यांनी ते उलटं केलं. मागची बाजू कोरी असायची. आज तिथे जांभळ्या शाईत एक ओळ होती.

'अडलंय ते तुमच्यापाशी.'

दहा वाजता थोरलीने चेंडूसाठी हात पुढे केला, तेव्हा बाईंनी तो दिला नाही.

"आज आधी मी बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "काकांचं कार्ड झालेलं नव्हतं. मी ते सरकवलं. डेमोच्या दिवशी, तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा. कोणी तपासलं नाही. मी कोणाला विचारलं नाही."

थोरलीने आधी बोर्डाकडे बघितलं, मग बाईंकडे.

"माझ्या कामावर तुम्ही 'झालं' म्हणून शिक्का मारलात?" तिने विचारलं. "बाई, तुम्ही? आमचा एक कॉमा राहिला तरी तुम्ही कार्ड मागे नेता..."

"हो. मीच."

थोरली खुर्चीत बसली आणि कार्ड मागायला तिने नुसता हात पुढे केला. त्यात राग होता, पण काम थांबणार नव्हतं. बाईंना भडाभडा रडावंसं वाटलं.

तपासायला नवीला वीस मिनिटंही लागली नाहीत. तिने दोन फोन घेतले. एक जाणाऱ्या नर्सचा, एक येणारीचा. पहिली फोन चार्जिंगला लावून निघून जाते. दुसरी आपला फोन उचलते, पासवर्ड टाकते, वॉर्ड निवडते. तोवर मध्ये दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांत नवीने बेल दाबली. चार्जिंगला लावलेला फोन टेबलावर थरथरला. तो ऐकायला तिथे कोणीच नसणार होतं. दुसरा फोन गप्प राहिला. आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, 'पोचली'.

"गेलेल्या माणसाला पोचली," लंबू पुटपुटला.

"वॉर्डातल्या चाचणीत असं झालंय का कधी?" थोरलीने विचारलं.

नवीने नोंदी काढल्या. बारा दिवसांत, ड्यूटी बदलण्याच्या वेळी, अशी एकच बेल होती. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारची. दुपारी दोन वाजून एक मिनिट. पलंग नंबर बारा. पुढे हिरवं 'पोचली'.

"पाणीबिणी हवं असेल कोणाला तरी," टिंगू म्हणाला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

मोठे साहेब व्हायचे तेवढे लालबुंद झाले. वॉर्डातली चाचणी त्याच तासाला बंद करायला लावली, सोमवार पुढच्या सोमवारवर गेला, आणि बाईंच्या नावाने काय काय लिहून वर गेलं, ते बाईंनी विचारलंही नाही. टीम शनिवारी आली, रविवारीही आली. फोन कोणी खरंच हातात घेईपर्यंत बेल वाजतच राहील आणि तोवर वॉर्डातल्या सगळ्या फोनवर वाजेल, असं थोरलीने करून दाखवलं. नवीने ते चाळीस तऱ्हांनी मोडायचा प्रयत्न केला. एकेचाळीसाव्या वेळी ती खांबाजवळच्या खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "माझ्याकडून झालं."

कार्ड तिने सरकवलं. सगळे बघत असताना, भर दुपारी. दुसऱ्या दिवशी ते 'झालं'मध्येच होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मीटिंगमध्ये चार माणसं बोलली आणि चार आकडे उमटले. लवंगेचा वास गेला. बाईंना हलकं वाटलं, आणि जरा चुकल्याचुकल्यासारखंही. काकांना नीट निरोप द्यायचा राहिला होता, तो असा दिला गेला, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी, जुन्या वायरच्या बेलवरच झालं. गुडघ्याला सूज आली, म्हणून तिला आठवडाभर ठेवून घेतलं. पुढच्या सोमवारी नवी बेल सगळीकडे सुरू झाली आणि बाई दुपारी पावणेदोनलाच, चाचणी झाली होती त्याच वॉर्डात, आईच्या उशाशी जाऊन बसल्या. दोन वाजले. एक नर्स फोन चार्जिंगला लावून निघाली. बाईंनी आईच्या हातातलं बटण तिच्या अंगठ्यासकट दाबलं.

कॉरिडॉरमध्ये तीन फोन एकदम वाजले. विसाव्या सेकंदाला एक धापा टाकणारी मुलगी दारात होती. "काय झालं आजी?"

"काही नाही बाळ," आई ऐटीत म्हणाली. "लेक परीक्षा घेतेय तुमची."

बाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी मनापासून हसल्या. ती नर्स गेल्यावर त्यांनी उशी नीट केली, चादर ओढली, आणि ती ओढताना त्यांची नजर पलंगाच्या वरच्या पट्टीवर गेली.

बारा.

"कालच हलवलं मला इथे," आई सांगत होती. "खिडकी मिळाली म्हणून बरं वाटलं. आधी एक बाई होती म्हणे इथे, माझ्याच वयाची. सफाईवाली सांगत होती. बिचारी गेली गं. मागे एका गुरुवारी, भर दुपारी, ड्यूटी बदलत होती तेव्हा. बटण मुठीत इतकं घट्ट धरलेलं, की बोटं एकेक करून सोडवावी लागली. पण बेल काही कोणी ऐकली नाही." आईने बटण कौतुकाने गोंजारलं. "तुमची ही नव्हती ना तेव्हा. जुनीच असेल."

बाईंनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

कार्ड सोमवारी परत आलं होतं. मंगळवारी आलं होतं. बुधवारी त्यांनी ते पर्समध्ये घालून घरी नेलं होतं, आणि आई म्हणाली होती, येतील ना गं लगेच. गुरुवार त्याच्यानंतर होता. काका तीन दिवस आधीपासून सांगत होते.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी त्या ऑफिसात पोचल्या, तेव्हा बाकीचे आधीच आले होते. काचांना धुकं होतं. काकांचं कार्ड 'झालं'मध्ये, नेमकं नवीने ठेवलं होतं तिथे होतं.

मधल्या रकान्यात दुसरं एक कार्ड होतं. त्यावर चुंबक नव्हता, तरी ते बोर्डाला टेकून होतं. शाई नव्हती, पेन्सिल होती. बऱ्याच दिवसांत लिहायची सवय नसलेल्या हाताचं, थरथरतं, मोठंमोठं अक्षर.

'बेल दाबली आहे. कोणी येतंय ना?'

"हे कोणी लिहिलं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

थोरलीने खांदे उडवले. लंबूने टिंगूकडे बघितलं. दहा वाजले होते, सगळे गोल करून उभे राहिले. थोरली बोलली, लंबू बोलला, टिंगू बोलला. मग टिंगूने न बघता चेंडू शेवटच्या खिडकीकडे टाकला.

तो पडल्याचा आवाज आला नाही.

या वेळी लवंगेचा वास नव्हता. स्पिरिटचा होता, आणि धुऊन धुऊन विरलेल्या चादरीचा. चौघांनी तोंडं खिडकीकडे वळवली. चौघं ऐकू लागली. नवीने चेंडू झेलायला ओंजळ पुढे केली होती, ती तशीच राहिली. बाईंनी मोबाइलकडे बघितलं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. चार झाली.

चेंडू परत आला नाही.